सुरक्षा काच

सुरक्षा काच म्हणजे फुटल्यास माणसाला गंभीर इजा होण्याची शक्यता कमी राहील, अशा रीतीने तयार केलेली किंवा प्रक्रिया केलेली काच होय. दारे, मोठ्या खिडक्या, जिन्याचे कठडे, दुकानांचे दर्शनी भाग, स्नानगृहातील आडोसे आणि मोटारगाड्या यांत ती वापरतात. टफन्ड काच आणि लॅमिनेटेड काच हे तिचे दोन मुख्य प्रकार आहेत. सुरक्षा काच फुटतच नाही, असा समज आढळतो; तो चुकीचा आहे. ती कशी फुटते आणि फुटल्यानंतर तिचे तुकडे कोठे जातात, यावर तिची सुरक्षितता ठरते. म्हणून एका जागी योग्य असलेला प्रकार दुसऱ्या जागी धोक्याचा ठरू शकतो. प्रकाराची निवड हा या विषयातील सर्वांत महत्त्वाचा भाग मानला जातो.

इतिहास

वितळलेल्या काचेचा थेंब पाण्यात टाकून एकदम थंड केल्यास त्याचा जाड भाग हातोडीचा घाव सोसतो, परंतु शेपूट मोडताच संपूर्ण थेंबाचा चुरा होतो, हे सतराव्या शतकात युरोपात ज्ञात होते. याच तत्त्वावर फ्रान्समधील रॉयर द ला बास्ती यांनी १८७४ मध्ये तापलेली काच तेलात बुडवून कणखर करण्याच्या पद्धतीचे एकस्व घेतले. पुढे तेलाऐवजी हवेचे झोत वापरले जाऊ लागले.

लॅमिनेटेड काचेचे श्रेय फ्रेंच रसायनतज्ज्ञ एदुआर बेनेदिक्तस यांना दिले जाते. १९०३ मध्ये त्यांच्या प्रयोगशाळेतील एक चंबू खाली पडला; त्याला तडे गेले, पण तो विखुरला नाही. आतल्या बाजूस सेल्युलोज नायट्रेटचा थर वाळून बसलेला होता. त्यावरून त्यांनी दोन काचांमध्ये असा थर घालण्याची कल्पना विकसित केली व १९०९ मध्ये तिचे एकस्व घेतले. पहिल्या महायुद्धात विषारी वायूपासून बचाव करणाऱ्या मुखवट्यांच्या नेत्रकाचांसाठी ही काच वापरली गेली. सेल्युलोजचा थर उन्हाने पिवळा पडत असे. १९३० च्या दशकाच्या अखेरीस त्याची जागा पॉलिव्हिनिल ब्युटिरल या प्लॅस्टिकने घेतली. ते आजही वापरात आहे.

दोन्ही प्रकारांसाठी सपाट, निर्दोष काच लागते. ब्रिटनमधील अ‍ॅलिस्टर पिल्किंग्टन यांनी वितळलेल्या कथिलावर काचेचा रस तरंगवून तावदाने करण्याची फ्लोट पद्धत विकसित केली व १९५९ मध्ये ती जाहीर झाली. त्यानंतर मोठ्या आकाराची एकसारखी काच स्वस्तात मिळू लागली.

प्रकार

साधी काच: तयार झाल्यावर हळूहळू थंड केलेल्या काचेस अनुशीतित काच म्हणतात. ती कापता येते, तिला भोके पाडता येतात. मात्र फुटताना तिचे लांब, सुरीसारखे तुकडे होतात. ती सुरक्षा काच नव्हे.

टफन्ड काच: साधी काच सुमारे ६२० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून हवेच्या झोतांनी वेगाने थंड करतात. बाहेरचा थर आधी घट्ट होतो आणि आतला भाग नंतर आकसतो. त्यामुळे पृष्ठभागावर दाब व आत ताण कायमचा साठून राहतो. अशी काच त्याच जाडीच्या साध्या काचेच्या चार ते पाच पट बळकट असते. तिला तडा गेला की आत साठलेला ताण एकाच वेळी मोकळा होतो व संपूर्ण तावदानाचे लहान, तुलनेने बोथट दाणे होतात. युरोपीय मानकानुसार ४ ते १२ मिमी जाडीची टफन्ड फ्लोट काच फोडली असता ५० मिमी बाजूच्या चौरसात किमान ४० तुकडे व्हावे लागतात. ही काच टफन केल्यावर कापता, घासता किंवा भोके पाडता येत नाही. सर्व मापे व छिद्रे प्रक्रियेपूर्वीच करून घ्यावी लागतात.

लॅमिनेटेड काच: दोन किंवा अधिक काचांमध्ये प्लॅस्टिकचा थर ठेवून उष्णता व दाब देऊन त्या एकजीव करतात. हा थर बहुधा ०.३८ मिमी किंवा त्याच्या पटीत असतो. काच फुटली तरी तुकडे थराला चिकटून राहतात व तावदान सहसा चौकटीतून सुटत नाही. तिच्यातून आरपार जाणे अवघड असल्याने चोरीस प्रतिबंध, आवाज कमी करणे व अतिनील किरण अडवणे यांसाठीही ती उपयोगी पडते.

हीट-स्ट्रेंदन्ड काच: ही तुलनेने सावकाश थंड केली जाते. ती साध्या काचेच्या सुमारे दुप्पट बळकट असते, पण तिचे तुकडे मोठे होतात. त्यामुळे ती एकेरी असताना सुरक्षा काच मानली जात नाही.

तारेची काच: आत जाळी असल्याने आगीच्या वेळी काही काळ तुकडे जागेवर राहतात. परंतु धडकेने फुटल्यास उघड्या पडलेल्या तारा जखम करतात. त्यामुळे केवळ जाळी आहे म्हणून ती सुरक्षा काच ठरत नाही.

दोन काचांमध्ये हवेची पोकळी असलेले दुहेरी तावदान हे उष्णता व आवाज रोखण्यासाठी असते. त्यातील काचा टफन्ड किंवा लॅमिनेटेड असतील तरच ते सुरक्षित ठरते.

इमारतींमधील वापर

धोक्याच्या जागा

काच लक्षात न आल्याने माणूस तिच्यावर आदळणे, तोल जाऊन तिच्यावर पडणे, काच फुटून उंचावरून खाली पडणे आणि वरून कोणी तिच्यातून कोसळणे, असे इमारतीतील अपघातांचे चार प्रमुख प्रकार आहेत. दारे, दारालगतची तावदाने, जमिनीपर्यंत उतरणाऱ्या खिडक्या व ओल्या फरशीजवळचे आडोसे येथे टफन्ड किंवा लॅमिनेटेड काच चालते. कठडे, डोक्यावरची छते व काचेच्या पायऱ्या येथे लॅमिनेटेड काचच योग्य समजली जाते. कारण टफन्ड काच फुटताच पूर्ण तावदान नाहीसे होते व तेथे आधार उरत नाही. दाण्यांचे गुच्छही उंचावरून पडल्यास इजा करतात. काचेचे वजन दर चौरस मीटरला व दर मिलिमीटर जाडीला सुमारे २.५ किलो असते. म्हणजे १२ मिमी जाडीच्या २ चौरस मीटर दाराचे वजन सुमारे ६० किलो भरते. त्यामुळे बिजागरी व पकडी काचेइतक्याच महत्त्वाच्या असतात.

पारदर्शक दारांवर डोळ्यांच्या उंचीवर पट्टी किंवा ठिपके लावणे हा आदळण्यापासून बचावाचा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

उष्ण हवामानातील प्रश्न

मराठवाड्यात उन्हाळ्यात तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते. येथील जुन्या माळवदी घरांत जाड भिंती व लहान झरोके असत. परभणी जिल्ह्यातील जिंतूरसारख्या तालुक्याच्या गावांत नवे बांधकाम करताना काचेची दर्शनी बाजू घ्यायची झाल्यास दोन गोष्टींचा विचार करावा लागतो. पहिली, ६ मिमी जाडीच्या साध्या पारदर्शक काचेवर पडणाऱ्या सौर उष्णतेपैकी सुमारे आठ दशांश उष्णता आत येते. त्यामुळे पश्चिमेकडील मोठी काच खोली तापवते. छज्जा, बाहेरील सावली व सौरनियंत्रक लेप असलेली काच यांनी ही उष्णता कमी करता येते. दुसरी, उष्णता शोषणारी रंगीत काच अर्धी उन्हात व अर्धी सावलीत असल्यास दोन भागांतील तापमानाच्या फरकाने तिला कडेपासून तडा जाऊ शकतो. साधी काच सुमारे ४० अंशांचा फरक सोसते, तर टफन्ड काच सुमारे २०० अंशांचा. म्हणून अशा जागी टफन्ड किंवा हीट-स्ट्रेंदन्ड काच वापरतात.

आगीच्या वेळी

टफन्ड वा लॅमिनेटेड असणे म्हणजे अग्निरोधक असणे नव्हे. अग्निरोधक काच हा वेगळा प्रकार असून तिची चाचणी चौकटीसह होते. पूर्ण बंद काचेच्या भिंतींमुळे धूर आत कोंडतो आणि अग्निशमन दलाला बाहेरून शिरणे कठीण जाते. कोलकात्यातील एका रुग्णालयाला ९ डिसेंबर २०११ रोजी लागलेल्या आगीत सुमारे ९० जणांचा मृत्यू झाला. त्यांतील बहुतेक धुराने गुदमरले होते. मुंबईत अंधेरी येथील लोटस बिझनेस पार्क या काचेच्या दर्शनी भागाच्या इमारतीला १८ जुलै २०१४ रोजी आग लागली. ती विझवताना अग्निशमन दलाच्या एका जवानाचा मृत्यू झाला. अशा इमारतींत उघडता येणारी तावदाने, धूर बाहेर सोडण्याची सोय आणि दर दोन मजल्यांमधील फट बंद करणारा अग्निरोधक थर आवश्यक असतो.

वाहनांमधील वापर

समोरची काच

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०० नुसार वाहनांच्या काचा सुरक्षा काचेच्या असाव्या लागतात आणि समोरची काच लॅमिनेटेड असावी लागते. रस्त्यावरचा दगड लागल्यास टफन्ड काचेचा क्षणात चुरा होऊन चालकाला समोरचे काही दिसणार नाही. लॅमिनेटेड काचेवर जाळीदार तडा पडतो, तरी गाडी बाजूला घेण्याइतपत दिसत राहते. शिवाय ती प्रवाशाला बाहेर फेकले जाण्यापासून अडवते व अनेक गाड्यांत पुढील एअरबॅगला आधार देते. त्यामुळे ती बदलताना योग्य चिकटद्रव्य वापरणे आणि ते सुकेपर्यंत गाडी न चालवणे आवश्यक असते.

बाजूच्या काचा व काळ्या फिल्म

बाजूच्या व मागच्या काचा बहुधा टफन्ड असतात. नियम १०० प्रमाणे समोरच्या व मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के दृश्य प्रकाश आत यावा लागतो. अविषेक गोयनका विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २७ एप्रिल २०१२ रोजी काचांवर काळ्या फिल्म चिकटवण्यास मनाई केली. निकालात गाडीत दडून होणारे गुन्हे व रस्त्यावरील सुरक्षितता यांचा विचार झाला होता. फिल्मचा आणखी एक परिणाम होतो: ती टफन्ड काचेचे दाणे धरून ठेवते, त्यामुळे संकटात काच फोडून बाहेर पडणे अवघड होते.

बसमधील आपत्कालीन मार्ग

बसमध्ये काचेकडून दोन परस्परविरोधी अपेक्षा असतात. अपघातात प्रवासी बाहेर फेकला जाऊ नये. पण आग लागल्यास किंवा गाडी पाण्यात गेल्यास त्याला काच फोडून निसटता यावे. सरकत्या काचांच्या साध्या बसमध्ये खिडकी उघडता येते. वातानुकूलित व शयनयान बसमध्ये काचा सहसा कायम बंद असतात, म्हणून तेथे प्रत्येक प्रवाशाला काच फोडण्याचे साधन हाताशी असणे जीवनमरणाचा प्रश्न ठरतो.

८ ऑक्टोबर २०२२ च्या पहाटे नाशिक येथे यवतमाळहून मुंबईला जाणाऱ्या खासगी बसला अपघातानंतर आग लागून १२ जणांचा मृत्यू झाला. १ जुलै २०२३ रोजी मध्यरात्रीनंतर समृद्धी महामार्गावर बुलढाणा जिल्ह्यातील सिंदखेडराजाजवळ पुण्याकडे जाणारी खासगी बस उलटून पेटली. तीत २५ प्रवासी मृत्युमुखी पडले. बस दाराच्या बाजूवर कोसळल्याने दार वापरता आले नाही. वाचलेल्यांपैकी काही जण खिडकीची काच फोडून बाहेर आले. विदर्भ व मराठवाड्यातून पुण्या-मुंबईकडे रात्रीचा बसप्रवास मोठ्या प्रमाणावर होत असल्याने या दोन्ही अपघातांनंतर बसमधील संकटकालीन मार्गांचा प्रश्न चर्चेत आला.

बसच्या बांधणीसाठी ए.आय.एस.-०५२ आणि शयनयान बससाठी ए.आय.एस.-११९ ही मानके आहेत. आपत्कालीन दारे, खिडक्या व छतावरील झडपा यांविषयीच्या तरतुदी त्यांत आहेत. काच फोडताना पुढील गोष्टी उपयोगी ठरतात:

* फक्त टफन्ड काच फोडण्याचा प्रयत्न करावा. लॅमिनेटेड काच हातोडीने तडकते, पण मोकळी होत नाही.
* टोकदार हातोडी काचेच्या कोपऱ्याजवळ मारावी. मधला भाग लवचीक असल्याने घाव वाया जातो.
* तळहात किंवा बोथट वस्तूने टफन्ड काच सहसा फुटत नाही. टोक लहान व कठीण असावे लागते.
* फुटलेले दाणे बाहेरच्या बाजूस लोटून, शक्य असल्यास कापड टाकून बाहेर पडावे.
* प्रवासाच्या आरंभीच आपत्कालीन खिडकी व हातोडीची जागा पाहून ठेवावी.

मानके व ओळख

भारतीय मानक ब्यूरोचे आय.एस. २५५३ हे सुरक्षा काचेचे मुख्य मानक आहे. त्याचा पहिला भाग इमारतींसाठी व दुसरा रस्त्यावरील वाहनांसाठी आहे. इमारतीत काच कोठे व कशी वापरावी हे आय.एस. १६२३१ या चार भागांच्या संहितेत दिले असून तिचा चौथा भाग माणसाच्या धडकेपासूनच्या सुरक्षिततेविषयी आहे. केंद्र सरकारने २०२० मध्ये सुरक्षा काचेसाठी गुणवत्ता नियंत्रण आदेश काढला. वाहनांच्या चाचण्या करणाऱ्या संस्थांत पुण्यातील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही प्रमुख आहे.

प्रमाणित काचेच्या कोपऱ्यावर उत्पादकाचे नाव व मानकाचे चिन्ह कायमस्वरूपी उमटवलेले असते. बसवल्यानंतर केवळ नजरेने साधी व टफन्ड काच वेगळी ओळखणे कठीण असल्याने हे चिन्ह ग्राहकाचा मुख्य आधार ठरते. लॅमिनेटेड काचेची उघडी कड पाहिल्यास मधला थर रेघेसारखा दिसतो.

महाराष्ट्रातील काच उद्योग

महाराष्ट्रातील आधुनिक काचनिर्मितीची सुरुवात स्वदेशी चळवळीच्या काळात झाली. अंताजी दामोदर काळे यांच्या पैसा फंडातून १९०८ मध्ये तळेगाव दाभाडे येथे काच कारखाना निघाला. १९१६ मध्ये कऱ्हाडजवळ, तत्कालीन औंध संस्थानात ओगले बंधूंनी काच कारखाना उभारला व त्यावरून ओगलेवाडी हे नाव पडले. तेथील प्रभाकर कंदील घरोघरी पोहोचला. हे कारखाने भांडी व दिव्यांच्या काचांचे होते. सपाट काचेची निर्मिती फ्लोट पद्धतीने नवी मुंबईजवळील तळोजे येथे १९९० च्या दशकात सुरू झाली. पुणे परिसरातील वाहन उद्योगामुळे चाकण येथे वाहनांच्या सुरक्षा काचांचे उत्पादन होते.

मर्यादा

टफन्ड काचेत निकेल सल्फाइडचा सूक्ष्म कण राहिल्यास तो कालांतराने प्रसरण पावतो व काच कोणताही धक्का नसताना फुटू शकते. हे टाळण्यासाठी काच बसवण्यापूर्वी सुमारे २९० अंशांवर काही तास तापवून सदोष तावदाने कारखान्यातच फुटू देतात. टफन्ड काचेची कड हा तिचा सर्वांत नाजूक भाग असतो. चौकटीतील खडा किंवा धातूचा थेट स्पर्श तिला पुरेसा होतो. लॅमिनेटेड काचेच्या उघड्या कडेतून ओलावा शिरल्यास थर सुटून पांढुरके डाग पडतात. खोल ओरखडा किंवा कडेला टवका असलेली सुरक्षा काच पुन्हा वापरू नये, असे मानले जाते.

हे सुद्धा पहा

काच
फ्लोट काच
मोटार वाहन कायदा, १९८८
समृद्धी महामार्ग
ओगलेवाडी