डीसा ते नेमावर : स्फोटानंतर मृतांची ओळख कशी पटवतात?

नेमावर : गुजरातमधल्या डीसा इथे १ एप्रिल २०२५ ला फटाक्यांच्या गोदामात स्फोट झाला, स्लॅब कोसळला आणि २१ जण गेले. बहुतेक मजूर हरदा जिल्ह्यातल्या हंडिया आणि देवासच्या संदलपूर भागातले. बायका-लेकरंही होती. १८ जणांवर अंत्यसंस्कार झाले ते नेमावरच्या नर्मदा घाटावर.

अशा वेळी कोणता देह कुणाचा, हे ठरवायची एक पद्धत जगभर चालते. इंटरपोलने त्याची मार्गदर्शिका १९८४ मध्ये काढली. पिवळ्या फॉर्मवर घरच्यांकडून मिळालेली माहिती भरतात, गुलाबी फॉर्मवर मृतदेहाची. दोन्ही जुळले की मगच ताबा. पक्का पुरावा तीनच गोष्टींचा धरतात : बोटांचे ठसे, दात, डीएनए. चेहरा, कपडे, अंगठी यांवर एकट्याने भरवसा ठेवत नाहीत; धक्क्यातला माणूस दुसऱ्याचाच देह आपला म्हणून घेऊन जाऊ शकतो.

डीसानंतर अडीच महिन्यांच्या आतच, १२ जूनला, अहमदाबादला एअर इंडियाचं लंडनला निघालेलं विमान पडलं. २६० मृतांपैकी २५४ जणांची ओळख डीएनएवरून पटली, सहा जणांची चेहऱ्यावरून. मृतांत ५२ ब्रिटिश, सात पोर्तुगीज आणि एक कॅनडाचा नागरिक होता. तरीही ब्रिटनला गेलेल्या काही शवपेट्यांत भलत्याचेच अवशेष निघाल्याचं तिथल्या कुटुंबांच्या वकिलांनी जुलैत सांगितलं. म्हणजे नमुना जुळला तरी पेटी भरताना घोळ होऊ शकतो.

मजुरांच्या बाबतीत गाडी आधीच अडते. विमानाची प्रवासी यादी असते. गोदामात कोण कामाला होतं हे ठेकेदारालाच ठाऊक, आणि तो सापडेलच असं नाही. दाताचा एक्स-रे कुणी काढलेला नसतो. आधारचे ठसे आहेत ना, असं लोक म्हणतात. पण आधार कायदा, २०१६ च्या कलम २९ नुसार ते ठसे कुणालाही देता येत नाहीत.

उरतो डीएनए. त्यासाठी आई-वडील किंवा पोटच्या मुलांचा नमुना सगळ्यात चांगला. भाऊ-बहिणीचा चालतो, पण ताळा तितका पक्का बसत नाही. अख्खं कुटुंबच कामावर गेलेलं असेल तर गावाकडचे म्हातारे आई-बाप हाच आधार. त्यांना शेकडो किलोमीटर धावायला लावायची गरज नाही, रक्त जवळच्या सरकारी दवाखान्यात घेऊन पोलिसांमार्फत प्रयोगशाळेत पाठवता येतं.