खानदेशांतील भिल्लांचें बंड, नाशिकचा कट व सरकारी धोरण

शहादे तालुक्यांतील ब्राह्मणपुरीच्या उत्तरेस सातपुडा पसरला आहे. इ. स. १८१८ त खानदेश इंग्रजांकडे गेल्यावर या डोंगरांतील भिल्लांस सरकारी कागदांत 'लुटारू' हें नांव पडलें. फौजा धाडूनहि बंडें शमलीं नाहींत. कारण रखवालीचे जुने हक्क व त्यांवरील पोट बुडालें होतें. इ. स. १८२५ त एल्फिन्स्टनच्या कारकीर्दींत धोरण पालटलें. भिल्लांस जमीन, तगाई व मागील अपराधांची माफी मिळाली, आणि औट्रामनें त्यांचीच पलटण उभारिली.

विचारांतून निघालेल्या बंडाचा प्रकार निराळा. नाशिकचे बाबाराव सावरकर यांस कविता छापल्याबद्दल जून १९०९ त जन्मठेप झाली. त्याच वर्षीं २१ डिसेंबरास अनंत कान्हेरे यांनीं तेथील कलेक्टर जॅक्सन यास गोळ्या घालून ठार केलें. सरकारनें १९१० त छापखान्यांवर कडक कायदा लादला. तो १९२२ त रद्द करावा लागला.

पोटाच्या तक्रारीस जमीन देतां आली. स्वातंत्र्याच्या विचारास देण्याजोगें सरकारजवळ शिक्षेवांचून कांहीं नव्हतें. म्हणून दप्तरांत 'लुटारू' वा 'राजद्रोही' हीं नांवें आढळतांच त्यांमागील कारण आधीं शोधावें, असें आम्हांस वाटतें. नांव चुकलें कीं उपायहि चुकतो.