हँडल गेले, बॅटरी आली: मोटारीतील विजेची गोष्ट

१/ साल १९१०. पेट्रोलची मोटार चालू करायची, तर तिच्या तोंडाशी उभे राहून लोखंडी हँडल मारावे लागे. ठिणगी वेळेआधी पडली की इंजिन उलटा झटका देई आणि धरणाऱ्याचे मनगट मोडे. दिव्यांसाठी कार्बाइडचा वायू असे. तो काडीने पेटवावा लागे.

२/ त्याच काळी अमेरिकेत बेकर आणि डेट्रॉइट इलेक्ट्रिक या विजेच्या मोटारीही धावत होत्या. त्यांना हँडल नव्हते, धूर नव्हता, गिअरची कटकट नव्हती. शहरातील सधन स्त्रियांची पसंती त्यांनाच असे. उणीव एकच, पण मोठी: बॅटरी उतरली की प्रवास तेथेच थांबे.

३/ पेट्रोलच्या इंजिनाला विजेने गती द्यावी, हा विचार अनेकांना सुचला होता. अडचण आकाराची होती. इंजिन फिरवू शकेल अशी विद्युत मोटर फार अवजड होईल आणि तिच्या बॅटरीचे ओझे गाडीला पेलणार नाही, असा अभियंत्यांचा हिशेब होता.

४/ हा हिशेब चार्ल्स केटरिंग यांनी मोडला. डेटन शहरातील नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीत असताना त्यांनी गल्ल्याच्या यंत्राला विजेची मोटर बसवली होती. ती क्षणभरच चाले. जी मोटर सतत राबवल्यास जळेल, तीच काही सेकंद क्षमतेबाहेर राबवता येते; उष्णता साचण्यापूर्वीच तिचे काम संपलेले असते.

५/ कॅडिलॅकचे प्रमुख हेन्री लेलँड यांना हँडलची जागा घेणारे साधन हवेच होते. केटरिंग यांच्या डेल्को कंपनीने १९११ मध्ये ते सिद्ध केले आणि १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये ते बसवून आले. एकच यंत्र दोन कामे करी: आधी इंजिन फिरवी, मग त्याच इंजिनाच्या बळावर वीज निर्माण करी.

६/ खरी करामत जोडणीत होती. गाडी चालू करताना बॅटरीचे घटसंच एकसर जोडले जात. त्यांचे व्होल्टेज एकत्र होऊन २४ व्होल्ट मिळत. इंजिन सुरू झाल्यावर तेच संच समांतर जोडले जात आणि ६ व्होल्टवर पुन्हा भारित होत. दिवे आणि ठिणगीही आता याच व्यवस्थेवर आली. बॅटरीने दिलेली वीज इंजिन तिला परत करू लागले.

७/ पुढे ६ व्होल्टची बॅटरी रूढ झाली. इंजिने मोठी होत गेली, तशी ती तोकडी पडू लागली. शक्ती म्हणजे व्होल्टेज गुणिले प्रवाह. २,४०० वॉटसाठी ६ व्होल्टवर ४०० अँपिअर लागतात, १२ व्होल्टवर २००. प्रवाह निम्मा झाला की त्याच तारेत उष्णतेने वाया जाणारी शक्ती एक चतुर्थांश उरते. म्हणून १९५० च्या दशकात अमेरिकी गाड्या १२ व्होल्टकडे वळल्या.

८/ स्टार्टरची झळ सर्वाधिक बसली ती विजेच्या मोटारींना. त्यांचा मोठा गुण पेट्रोलच्या गाडीने उचलला आणि दूर जाण्याची आपली ताकदही राखली. त्यात फोर्डने कारखान्यातील सरकत्या साखळीवर गाड्या स्वस्त केल्या आणि १९१९ पासून मॉडेल टीलाही स्टार्टर मिळू लागला. १९३० च्या दशकात विजेच्या मोटारी रस्त्यावरून जवळजवळ नाहीशा झाल्या.

९/ विजेच्या मोटारीचा पराभव घडवण्यात विजेचाच मोठा हात होता. केटरिंग यांनी इंजिनाचा शत्रू शोधला नाही; त्याचा एक दोष दूर केला. तेवढ्याने पेट्रोलला पुढचे शतक मिळाले.

१०/ आज वीज परतली आहे. तरीही बहुतेक विद्युत मोटारींत शेकडो व्होल्टच्या मुख्य बॅटरीशेजारी १२ व्होल्टची एक छोटी बॅटरी असते. मुख्य बॅटरीला गाडीशी जोडणारा विद्युत स्विच तीच ओढते. ती उतरली, तर मुख्य बॅटरी काठोकाठ भरलेली असूनही गाडी जागची हलत नाही. गाडीला जागे करण्याचे काम आजही त्या छोट्या बॅटरीकडेच आहे.