पेढीवरचा यांत्रिक दिवाणजी

निपाणीच्या तंबाखूच्या पेढीवर दिवाणजीचे काम काय असे, हे जुन्या मंडळींना सांगावयास नको. माल, उधारी, तिजोरीच्या किल्ल्या, सारे तो सांभाळी. संगणकात हे काम ऑपरेटिंग सिस्टीम करते. मात्र बहुतेक ठिकाणी हा दिवाणजी एकटा पुरत नाही. खतावणी ठेवणारा एकाकडून आणि पहारेकरी दुसऱ्याकडून आणून त्यांचे आपसांत जुळवावे लागते. लहान व्यापाऱ्याला हे झेपावे कसे?

अमेरिकेतील मिनेसोटा राज्यातल्या रॉचेस्टर गावी आय.बी.एम. कंपनीच्या तंत्रज्ञांनी या प्रश्नाचा पिच्छा पुरविला. 1969 साली लहान पेढ्यांसाठी त्यांची सिस्टीम/3 आली आणि 1978 मध्ये सिस्टीम/38 जाहीर झाली. तीत माहितीची खतावणी प्रणालीच्या पोटातच होती. स्मरणकोश आणि तबकड्या मिळून एकच अखंड कोठार मानले जाई. कोणती वस्तू कोठे ठेवली, याची विवंचना प्रोग्राम लिहिणाऱ्याला नसे. योगायोग असा, की त्याच 1978 साली परकीय चलन कायद्याखाली आपल्या भांडवलातील वाटा कमी करण्यास नकार देऊन ही कंपनी भारतातून निघून गेली. ती परतली 1992 मध्ये, टाटांच्या भागीदारीत.

मधल्या काळात, 1988 च्या जूनमध्ये, ए.एस./400 हे यंत्र आले. वापरावयास सोपी सिस्टीम/36 आणि रचनेने प्रगत सिस्टीम/38, अशी दोन घराणी त्यात एकत्र झाली. पण या प्रणालीची खरी कसोटी 1995 साली लागली.

आमच्या कॅम्पातला दुकानदार जागा बदलतो, तेव्हा वह्या हातगाडीवर घालून नेतो. त्या नव्याने लिहीत बसत नाही. संगणकाच्या जगात मात्र यंत्राचे अंतरंग पालटले की जुने प्रोग्राम बहुधा निकामी होतात. 1995 मध्ये या यंत्राचा 48 बिटांचा गाभा जाऊन अगदी वेगळ्या जातीचा, 64 बिटांचा गाभा आला. तरीही हिशेब थांबले नाहीत. फ्रँक सॉल्टिस प्रभृतींनी प्रोग्राम आणि यंत्र यांच्यामध्ये एक मधली भाषा ठेवली होती. प्रोग्राम तिच्याशी बोले. ती यंत्राच्या बोलीत उतरविणे हे प्रणालीचे काम. गाभा बदलताच प्रणालीने नवे भाषांतर करून घेतले. ज्यांनी जागा वाचविण्यासाठी प्रोग्रामांतील तो मधला मजकूर पुसून टाकला होता, त्यांना मात्र मूळ लिखाण शोधावे लागले. काटकसर कोठे करावी, हेही कळावे लागते!

पुढे नावे पुष्कळ बदलली. 2000 साली आयसिरीज, 2004 मध्ये आय फाइव्ह ओ.एस., आणि 2008 पासून नुसते आय.बी.एम. आय. 2025 मध्ये तिची 7.6 ही आवृत्ती निघाली. दशकांपूर्वी आर.पी.जी. भाषेत लिहिलेले हिशेब तिच्यावर अजून चालतात. ती भाषा सफाईने वाचणारी माणसे मात्र एकेक करून निवृत्त होत आहेत, आणि त्यांच्या जागी बसणारे तरुण थोडे आहेत.