गाठ की नसेची जाडी? परिघीय मज्जातंतूंच्या सोनोग्राफीचा इतिहास आणि अहिल्यानगर जिल्हा

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यात सोनोग्राफीचा विषय निघाला की चर्चा गर्भापाशी येऊन थांबते, आणि ते स्वाभाविकही आहे. शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलांमागे मुलींची संख्या २००१ च्या जनगणनेत ८८४ होती. २०११ मध्ये ती ८५२ झाली. गर्भलिंगनिदानास प्रतिबंध करणारा १९९४ चा कायदा अस्तित्वात असताना हे घडले. परिणामी या यंत्राची दुसरी बाजू अभ्यासकांच्या नजरेआड राहिली.

वस्तुतः हे तंत्र गाठींच्या शोधातूनच पुढे आले. ग्लासगो येथील प्रसूतिशास्त्राचे प्राध्यापक इयान डोनाल्ड यांचा १९५८ मधील सुप्रसिद्ध लेख पोटातील गाठींविषयी होता. हातापायांच्या नसा मात्र दीर्घकाळ या यंत्राच्या आवाक्याबाहेर होत्या. उच्च वारंवारतेचे प्रोब आल्यावर ब्रुनो फोर्नाज यांनी १९८८ मध्ये त्यांचे सोनोग्राफीतील स्वरूप वर्णिले. आपल्या जिल्ह्यात लोणी येथे ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय १९८४ मध्ये, म्हणजे याच सुमारास, सुरू झाले होते.

मज्जातंतूंच्या गाठींचे ज्ञान याहून जुने आहे. रेकलिंगहाउझेन यांनी १८८२ मध्ये न्यूरोफायब्रोमा, तर व्हेरोके यांनी १९१० मध्ये आज श्वान्नोमा म्हणून ओळखली जाणारी गाठ वर्णिली. सोनोग्राफीत अशी गाठ काळसर व लंबगोल दिसते. तिच्या दोन्ही टोकांना नस आत शिरताना व बाहेर पडताना दिसली, तर निदानास मोठा आधार मिळतो. श्वान्नोमा बहुधा नसेच्या एका कडेला असतो. तथापि या दोन प्रकारांतील, तसेच साध्या व कर्करोगी गाठींतील भेद केवळ प्रतिमेवरून खात्रीने करता येत नाही.

महाराष्ट्रात यात कुष्ठरोगाची भर पडते. भारताने डिसेंबर २००५ मध्ये सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून कुष्ठरोगाचे निर्मूलन झाल्याचे जाहीर केले, तरी नवे रुग्ण आजही आढळतात. या रोगात कोपराजवळची अल्नर नस लांबवर सुजते, क्वचित तिच्यात पू साठून गाठीसारखा फुगवटा येतो. ग्रामीण बोलीत शीर, स्नायुबंध आणि मज्जातंतू या तिघांनाही 'नस' म्हणतात, त्यामुळे रुग्णाच्या सांगण्यावरून फारसा उलगडा होत नाही.

हा भेद केवळ शास्त्रीय कुतूहलाचा नाही. श्वान्नोमा बहुतेक वेळा नसेचे तंतू राखून सोलून काढता येतो. कुष्ठरोगाने सुजलेल्या नसेला प्रथम औषधांची गरज असते. साधी गाठ समजून नसेवर सुरी चालली, तर शेतमजुराच्या हाताची पकड कायमची जाऊ शकते. म्हणून प्रोब केवळ गाठीवर न ठेवता नसेच्या संपूर्ण मार्गावरून, आणि दुसऱ्या हातावरही फिरवावा लागतो. त्यासोबत त्वचेवरील बधिर चट्टेही तपासावे लागतात.