जीपपासून थारपर्यंत : एका रांगड्या वाहनाचे आधुनिकीकरण आणि त्याच्या मूळ स्वरूपाचा प्रश्न – एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

वाहतुकीच्या साधनांचा इतिहास आपल्याकडे प्रामुख्याने रेल्वेच्या अंगाने लिहिला गेला. रस्त्यावरील वाहनांकडे, विशेषतः ग्रामीण भागात वापरल्या गेलेल्या वाहनांकडे, इतिहासाचे साधन म्हणून फारसे पाहिले गेले नाही. वास्तविक स्वातंत्र्योत्तर महाराष्ट्राच्या ग्रामीण जीवनात जीप या वाहनाने जे स्थान मिळविले, ते क्वचितच दुसऱ्या एखाद्या यंत्राला मिळाले असेल. मराठीत ‘जीप’ हे एका कंपनीच्या उत्पादनाचे नाव न राहता सामान्यनाम झाले.

या वाहनाचा भारतीय वारस म्हणून आज ‘थार’ ही गाडी ओळखली जाते. २०२० साली ती आमूलाग्र बदलून बाजारात आली, तेव्हा गाडी सुखसोयींनी युक्त झाली परंतु तिचा रांगडेपणा हरवला, अशी तक्रार एका बाजूने झाली. काळानुसार बदलणे अपरिहार्य होते, असे दुसऱ्या बाजूने सांगितले गेले. हा वाद वरकरणी हौशी वाहनधारकांचा वाटला, तरी त्याच्या मुळाशी इतिहासाचा एक गंभीर प्रश्न आहे. एखाद्या वस्तूचे मूळ स्वरूप म्हणजे नेमके काय? तिचा आकार, तिची रचना की तिचा समाजाशी असलेला संबंध? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा ऐतिहासिक क्रमाने विचार केला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१. जीपच्या रांगडेपणाची ऐतिहासिक कारणे शोधणे.
२. ग्रामीण महाराष्ट्रातील या वाहनाच्या सामाजिक स्थानाचा आढावा घेणे.
३. आधुनिकीकरणात काय टिकले आणि काय लोपले, याचे मूल्यमापन करणे.

रांगडेपणाचे मूळ : युद्धाची निकड

जीपचा जन्म दुसऱ्या महायुद्धाच्या छायेत झाला. जुलै १९४० मध्ये अमेरिकी लष्कराने हलक्या, चारही चाकांना शक्ती मिळणाऱ्या टेहळणी वाहनासाठी १३५ उत्पादकांना पाचारण केले. मुदत इतकी अल्प होती की बहुतेकांनी या कामाकडे पाठ फिरविली. अमेरिकन बँटम या लहानशा कंपनीने कार्ल प्रॉब्स्ट या अभियंत्याच्या साहाय्याने २३ सप्टेंबर १९४० रोजी पहिला नमुना लष्कराच्या स्वाधीन केला. पुढे विलीज-ओव्हरलँड आणि फोर्ड याही कंपन्या स्पर्धेत उतरल्या. विलीजचे सुमारे ६० अश्वशक्तीचे २.२ लिटर इंजिन सर्वांत सरस ठरले व तोच आराखडा प्रमाण मानण्यात आला. विलीज व फोर्ड यांनी मिळून युद्धकाळात सहा लाखांहून अधिक जीप तयार केल्या.

येथे एक बाब लक्षात घेण्याजोगी आहे. ज्या गुणांना आज आपण जीपचे ‘व्यक्तिमत्त्व’ म्हणतो, त्यांपैकी एकही गुण शोभेसाठी योजलेला नव्हता. सपाट चिखलरोधक पत्रे करावयास सोपे होते. पुढील काच बोनेटवर आडवी पाडता येई, कारण जहाजात व विमानात वाहून नेताना उंची कमी लागे. पाट्यांचे स्प्रिंग मजबूत आणि स्वस्त होते. इतकेच नव्हे, तर पुढे जगप्रसिद्ध झालेली उभ्या फटींची जाळीसुद्धा काटकसरीतून आली. विलीजच्या आरंभीच्या गाड्यांवर लोखंडी पट्ट्या जोडून केलेली जाळी असे. फोर्डने एकाच पत्र्यातून ठोकून काढलेली, नऊ फटींची, हलकी व स्वस्त जाळी तयार केली आणि विलीजनेही ती स्वीकारली. युद्धानंतर १९४५ मध्ये आलेल्या नागरी जीपवर सात फटींची जाळी बसली. तात्पर्य, रांगडेपणा ही शैली नव्हती. तो परिस्थितीचा परिणाम होता.

भारतातील आगमन व विस्तार

२ ऑक्टोबर १९४५ रोजी जे. सी. महिंद्रा, के. सी. महिंद्रा आणि मलिक गुलाम मोहम्मद यांनी ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ ही कंपनी स्थापन केली. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तेथे अर्थमंत्री व पुढे गव्हर्नर जनरल झाले. १९४८ मध्ये कंपनीचे नाव ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ असे बदलले. विलीजकडून सुटे भाग आणून मुंबईत माझगाव येथे जीपची जुळणी सुरू झाली व हळूहळू देशी उत्पादनाचे प्रमाण वाढत गेले.

नवस्वतंत्र राष्ट्राला या वाहनाची किती निकड होती, हे १९४८ च्या गाजलेल्या जीप खरेदी प्रकरणावरून दिसते. काश्मीरमधील युद्धासाठी लंडनमधील भारतीय उच्चायुक्त व्ही. के. कृष्ण मेनन यांनी सुमारे ८० लाख रुपयांचा जो व्यवहार केला, तो स्वतंत्र भारतातील पहिल्या गैरव्यवहाराच्या आरोपाचे निमित्त ठरला.

विलीजने १९५३ मध्ये नवे, उंच इंजिन सामावून घेण्यासाठी बोनेट उंच केलेली ‘सीजे-३बी’ ही गाडी आणली. अमेरिकेत ती कालबाह्य झाल्यानंतरही भारतात तिची वंशावळ कित्येक दशके चालू राहिली. परवाना पद्धतीच्या अर्थव्यवस्थेत स्पर्धा मर्यादित होती, परकीय चलन दुर्मीळ होते आणि म्हणून जुनाच आराखडा टिकून राहिला. जुने रूप टिकले ते प्रेमापोटी नव्हे, तर पर्यायाच्या अभावी, ही वस्तुस्थिती आज सहसा विसरली जाते.

ग्रामीण महाराष्ट्र आणि जीप

१ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर राज्य परिवहनाची पहिली बस धावली आणि एसटी गावोगावी पोहोचू लागली. तथापि जेथे पक्का रस्ता संपे, तेथून पुढे जीपच जाऊ शके. २ ऑक्टोबर १९५२ रोजी सुरू झालेल्या सामूहिक विकास कार्यक्रमामुळे आणि १ मे १९६२ रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्यानंतर ‘साहेबांची जीप’ हे शासनाचे दृश्य रूप झाले. गटविकास अधिकारी, आरोग्य पथक, पोलीस व वनखाते यांची ओळख गावाला जीपच्या आवाजावरून होई. निवडणुकीच्या काळात ध्वनिक्षेपक बांधलेली जीप लोकशाहीचा निरोप वाड्यावस्त्यांवर नेत असे.

दुसरा टप्पा खाजगी प्रवासी वाहतुकीचा. १९८० च्या दशकात डिझेल इंजिने बसविलेल्या जीप आल्या. प्युजो कंपनीच्या तंत्रज्ञानावर आधारित डिझेल इंजिन असलेली ‘एमएम ५४०’ ही त्यांतील महत्त्वाची गाडी होय. डिझेलमुळे गाडी चालविण्याचा खर्च घटला आणि साहेबांचे वाहन सामान्य माणसाच्या आवाक्यात आले. कोल्हापूर-सांगली-साताऱ्याकडील ‘वडाप’ आणि अन्य भागांतील ‘काळी-पिवळी’ ही याची उदाहरणे होत. महिंद्राच्या लांब जीप व बजाज टेम्पोची ट्रॅक्स यांनी बाजाराचा दिवस, दवाखाना, महाविद्यालय आणि लग्नकार्य यांसाठी माणसांची ने-आण केली. प्रस्तुत लेखकाचे शालेय शिक्षण अशाच गाडीच्या मागील बाकावर गुडघ्याला गुडघा लावून केलेल्या प्रवासामुळे शक्य झाले.

या विस्तारास कारणीभूत ठरलेला सर्वांत महत्त्वाचा गुण म्हणजे दुरुस्तीची सुलभता. वेगळ्या सांगाड्यावर बसविलेला पत्रा, उघडे यंत्रभाग व साधी विद्युतरचना यांमुळे तालुक्याच्या ठिकाणचा मिस्त्री वेल्डिंग व लेथच्या साहाय्याने गाडी पुन्हा उभी करी. लष्कराने मोडीत काढलेल्या जीपही लिलावातून येऊन नव्या अवतारात धावत. वाहन हे ज्ञान म्हणून समाजात पसरले होते. चालवणारा त्यास ओळखत होता.

मात्र या चित्राची दुसरी बाजू झाकून ठेवणे इतिहासाशी प्रतारणा ठरेल. मागील समोरासमोरच्या बाकांना सुरक्षापट्टे नव्हते, क्षमतेच्या दुपटीने माणसे बसत, काही दाराला लटकत. गाडी उलटल्यावर ताडपत्रीचे छत कोणालाच वाचवू शकत नसे. रांगडेपणाची किंमत बहुतेकदा गाडीच्या मालकाने नव्हे, तर मागे बसलेल्या प्रवाशाने मोजली.

आधुनिकीकरणाचे टप्पे

ऑक्टोबर २०१० मध्ये महिंद्राने ‘थार’ बाजारात आणली. तिचे बाह्यरूप जुन्या जीपचे होते, तर काही आवृत्त्यांत आधुनिक कॉमन रेल डिझेल इंजिन होते. परंतु २०१९-२० हा काळ निर्णायक ठरला. एप्रिल २०१९ पासून मोटारींना चाक जाम होण्यास प्रतिबंध करणारी ब्रेकयंत्रणा व जुलै २०१९ पासून चालकासाठी एअरबॅग सक्तीची झाली. ऑक्टोबर २०१९ पासून सर्व मोटारींना अपघात चाचणीचे निकष लागू झाले आणि १ एप्रिल २०२० पासून प्रदूषणाचे ‘भारत स्टेज ६’ मानक आले. जुना साचा या सर्व अटी पूर्ण करू शकत नव्हता. २०१९ मध्ये ७०० गाड्यांची अखेरची विशेष आवृत्ती काढून ही पिढी थांबली.

२ ऑक्टोबर २०२० रोजी आलेली दुसरी थार नाशिक येथील कारखान्यात तयार होऊ लागली. वेगळा सांगाडा, चारही चाकांना शक्ती देणारी यंत्रणा व तिचा हाताने ओढण्याचा दांडा या गोष्टी राखल्या गेल्या. मात्र मागील पाटे जाऊन कॉइल स्प्रिंग आले, तसेच स्वयंचलित गिअर, पक्के छत आणि स्पर्शपटल मिळाले. नोव्हेंबर २०२० मध्ये ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत तिला चार तारे मिळाले. प्रारंभी उपलब्ध असलेली आडव्या बाकांची आवृत्ती लवकरच बंद झाली. जुन्या जीपची सर्वांत ठळक सामाजिक खूण अशा रीतीने लोपली आणि ती लोपली हे योग्यच झाले.

जानेवारी २०२३ मध्ये केवळ मागील चाकांना शक्ती देणारी, दीड लिटर डिझेल इंजिनाची थार आली. चार मीटरपेक्षा कमी लांबी आणि दीड लिटरपर्यंतचे इंजिन यांमुळे ती कमी कराच्या वर्गात बसली. जीपचे मूळ वैशिष्ट्यच नसलेली ही गाडी दिसावयास मात्र तंतोतंत जीप होती. १५ ऑगस्ट २०२४ रोजी पाच दारांची ‘थार रॉक्स’ आल्यावर ही गाडी कौटुंबिक मोटारीच्या अधिक जवळ गेली.

रूपावर हक्क कोणाचा?

रूप आणि उपयोग यांची फारकत झाल्यावर रूप ही स्वतंत्र मालमत्ता बनते. महिंद्राने २०१८ मध्ये अमेरिकेत ‘रॉक्सर’ हे केवळ शेत व रानवाटांसाठीचे वाहन आणले. जीपची मालकी असलेल्या फियाट क्रायस्लर कंपनीने त्याच वर्षी अमेरिकी आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगाकडे तक्रार केली. जून २०२० मध्ये आयोगाने रॉक्सरचे बाह्यरूप जीपच्या रूपावर अतिक्रमण करते, असा निर्णय दिला. बदललेल्या रूपातील गाडीस आयोगाने डिसेंबर २०२० मध्ये हरकत घेतली नाही, तरी न्यायालयीन वाद पुढे चालू राहिला. ज्या जीपचा परवाना विलीजनेच भारतास दिला होता, तिच्या वंशजास जन्मभूमीत परके ठरविले गेले. गंमत अशी की, जीपची ‘रँग्लर’ ही गाडी २०२१ पासून पुण्याजवळील रांजणगाव येथे जुळविली जाऊ लागली. म्हणजे एकाच पूर्वजाचे दोन वारस महाराष्ट्रातच एकमेकांपासून काही तासांच्या अंतरावर तयार होऊ लागले.

इंग्लंडमध्येही असाच प्रश्न उद्भवला. १९४८ मध्ये जन्मलेल्या लँड रोव्हरचे जुने ‘डिफेंडर’ रूप २९ जानेवारी २०१६ रोजी थांबले. ही कंपनी २००८ मध्ये टाटा मोटर्सने विकत घेतली. २०१९ मध्ये दाखविलेल्या नव्या डिफेंडरने वेगळा सांगाडा सोडून ॲल्युमिनियमची एकसंध काया स्वीकारली. नाराज चाहत्यांच्या अपेक्षा ओळखून इनिओस कंपनीने जुन्या धर्तीची ‘ग्रेनेडियर’ आणली आणि २०२० मध्ये इंग्लंडच्या उच्च न्यायालयाने जुन्या डिफेंडरच्या आकारावर एकाधिकार देण्यास नकार दिला. एकाच वर्षी अमेरिकेत व इंग्लंडमध्ये जवळजवळ सारख्याच प्रश्नाला दोन भिन्न उत्तरे मिळाली.

विवेचन

वरील आढाव्यावरून रांगडेपणाचे तीन पदर वेगळे करता येतात. पहिला रूपाचा, दुसरा क्षमतेचा आणि तिसरा वापरणाऱ्याच्या यंत्रावरील अधिकाराचा. आधुनिकीकरणाने पहिला पदर काळजीपूर्वक जपला, दुसरा बऱ्याच अंशी वाढविला; मात्र तिसरा गमावला. आजच्या गाडीतील दोष संगणकाला जोडल्याखेरीज कळत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोटार वाहन कायद्यातील कलम ५२ चा अर्थ लावताना उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरफार करता येत नाही, असे स्पष्ट केले. सुरक्षेच्या दृष्टीने हे समर्थनीय असले, तरी गॅरेजमध्ये गाडी नव्याने घडविण्याची परंपरा त्यामुळे संपुष्टात आली.

आजचा वाद प्रायः पहिल्या पदराभोवती घुटमळतो. जाळीच्या फटी किती असाव्यात यावर चर्चा होते; तालुक्याचा मिस्त्री कोठे गेला, हे कोणी विचारत नाही. तसेच जुन्या गाडीविषयी हळहळ व्यक्त करणारा वर्ग आणि तिच्या मागच्या बाकावर बसून प्रवास केलेला वर्ग हे बहुधा भिन्न आहेत. दुसऱ्या वर्गाला त्या बाकाची आठवण आहे, पण त्यावर पुन्हा बसण्याची इच्छा नाही.

निष्कर्ष

१. जीपचा रांगडेपणा हा सौंदर्यविचारातून नव्हे, तर युद्धाची निकड, काटकसर व दुर्गम रस्ते यांतून निर्माण झाला.
२. भारतात जुना आराखडा दीर्घकाळ टिकण्यामागे आवडीपेक्षा बंदिस्त अर्थव्यवस्था अधिक कारणीभूत होती.
३. सुरक्षा व प्रदूषणविषयक बदल आवश्यक होते. त्यांना मूळ स्वरूपाची हानी मानणे म्हणजे प्रवाशाच्या जिवापेक्षा गाडीच्या रूपाला मोठे मानणे होय.
४. खरी हानी दुरुस्तीच्या लोकज्ञानाची झाली आहे. सुटे भाग, दुरुस्तीची माहिती आणि प्रशिक्षण स्थानिक कारागिरांपर्यंत पोहोचविल्यास ती काही प्रमाणात भरून काढता येईल.
५. जुन्या गॅरेजमधील वह्या, अवजारे व वयोवृद्ध कारागिरांच्या आठवणी यांचे संकलन महाविद्यालयीन इतिहास विभागांनी हाती घ्यावे. गाड्या संग्रहालयात जपल्या जातील. त्या चालत्या ठेवणारे हात मात्र हळूहळू विस्मृतीत जात आहेत.