सपाट तळव्यांचा इतिहास

पावलाच्या आतील बाजूस असणारी कमान ज्याच्या पायी दिसत नाही, त्याचा पाय 'फताडा' म्हणून हिणविण्याची मराठी घरांत जुनी रूढी आहे. न्हाणीघरातून आलेल्या मुलाच्या ओल्या पावलाचा ठसा फरशीवर सबंध उमटला, की आईबापांच्या मनात शंका येते : हा काही रोग तर नव्हे? या प्रश्नाचे उत्तर मिळण्यास वैद्यकाला सुमारे शंभर वर्षे लागली. आणि मध्यंतरी पुष्कळ निरोगी पायांना विनाकारण शिक्षा भोगावी लागली.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पाश्चात्त्य शल्यविशारदांनी पावलाकडे गवंड्याच्या दृष्टीने पाहिले. कमान म्हणजे पूल; तो खचला की त्यास टेकू द्यावा, असा हा सरळ हिशेब होता. लिव्हरपूलचे ह्यू ओवेन टॉमस यांच्या नावाने ओळखली जाणारी बुटाची टाच आतल्या अंगास पुढे वाढविलेली असे. न्यू यॉर्कचे रॉयल व्हिटमन यांनी १८८८ साली सपाट पायाच्या ४५ रुग्णांची निरीक्षणे प्रसिद्ध केली. पावलाच्या साच्यावरून घडविलेली त्यांची धातूची पट्टी पुढे विख्यात झाली. परंतु एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. रुग्णालयात येई तो दुखणारा पाय. न दुखणाऱ्या सपाट पायास तेथे जाण्याचे कारणच नव्हते. त्यामुळे सपाटपणा आणि दुखणे यांची सांगड पक्की बसली. दोन्ही महायुद्धांत सैन्यभरतीच्या वेळी सपाट तळवा संशयास्पद ठरला आणि अनेक तरुण केवळ तेवढ्यासाठी परत पाठविले गेले.

ही सांगड प्रथम नीट तपासली गेली ती कॅनडाच्या सैन्यात. हॅरिस आणि बीथ या दोन वैद्यांनी साडेतीन हजारांहून अधिक सैनिकांची पावले पाहून १९४७ साली आपला अहवाल सादर केला. ज्या सपाट पायाचे सांधे मोकळे असतात, तो कामास कोठेही उणा पडत नाही, असे त्यांना आढळले. त्रास देणारे प्रकार निराळे होते. एकात टाचेची कंडरा आखूड असते. दुसऱ्यात पावलातील दोन हाडे जन्मतःच एकमेकांस जोडलेली असल्यामुळे पाय ताठर होतो.

पुलाची उपमाही फार दिवस टिकली नाही. १९५४ साली इंग्लंडमधील हिक्स यांनी दाखवून दिले की, पायाचा अंगठा वर उचलला असता तळव्यातील जाड पडदा, रहाटावर दोर गुंडाळला जावा तसा ताणला जातो आणि कमान आपोआप वर उचलली जाते. म्हणजे कमान ही निर्जीव दगडांची रचना नसून चालते यंत्र आहे.

मुलांविषयीची भीतीही मोजमापाने ओसरली. तान्ह्या मुलाचा तळवा सपाटच असतो. कमान साधारणतः पहिल्या दहा वर्षांत हळूहळू उमटते. अमेरिकेत वेंगर व त्यांचे सहकारी यांनी १९८९ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत ९८ मुलांचे निरीक्षण निदान तीन वर्षे पुरे केले. ज्यांना खास बूट वा आधार दिले त्यांचे पाय सुधारले. ज्यांना काहीच दिले नाही त्यांचेही तितकेच सुधारले. मणिपाल येथील राव व जोसेफ यांनी १९९२ साली ४ ते १३ वर्षांच्या २३०० मुलांचे ठसे प्रसिद्ध केले. पादत्राणे घालणाऱ्यांत सपाट पायांचे प्रमाण शेकडा ८.६, तर अनवाणी मुलांत शेकडा २.८ होते. एवढ्यावरून सारा दोष पादत्राणांचाच, असे म्हणता येणार नाही. परंतु लहानपणी बुटावाचून कमान धरणार नाही, हा समज मात्र त्यापुढे टिकत नाही.

मग वैद्याकडे केव्हा जावे? मुलास चवड्यांवर उभे करावे. कमान दिसू लागली आणि पाय दुखत नसला, तर सामान्यतः उपचाराचे कारण नाही. मात्र चवड्यांवर उभे राहूनही पाय सपाट व ताठ राहिला, वारंवार दुखला, टाच नीट टेकेनाशी झाली किंवा एकच पाय सपाट दिसला, तर अस्थिरोगतज्ज्ञास दाखवावे. प्रौढ वयात पूर्वीची कमान खचू लागली आणि घोट्याच्या आतील बाजूस सूज व वेदना आली, तर तेथील कंडरा निकामी होत असण्याचा संभव असतो. तेथे विलंब करू नये. मधुमेह्याचा पाय एकाएकी लाल, गरम व सुजलेला झाल्यास, तो दुखत नसला तरी, त्याच दिवशी वैद्य गाठावा. आधाराचे तळ आणि पोटरीचे व्यायाम दुखणे कमी करण्यास उपयोगी पडतात. शस्त्रक्रियेची वेळ क्वचितच येते.

पायाची परीक्षा त्याच्या ठशावरून न करता त्याच्या कामावरून करावी, एवढेच या शंभर वर्षांचे सार आहे. जो पाय न दुखता चालतो, धावतो आणि चवड्यावर उभा राहतो, त्यास सपाट म्हणून रोगी ठरविणे अन्यायाचे होय.